तीन बोटंवाल्या सिस्टर

टेंभुर्णे सिस्टर. आधी हे नाव लिहून ठेवते, काय झालं ते मग सांगते. आज मी घरापासून इतक्या लांब, तिरुपूरला, शिवणयंत्रासमोर बसते आणि दुपारच्या सुट्टीत चारचौघींसारखा घास तोंडात घालते, तो त्यांच्यामुळे. नाव मागे राहिलं तर ही माझी गोष्ट होऊन बसेल. गोष्ट त्यांची आहे, मी फक्त तिच्यात आहे.

लाखांदूरकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात नऊ नंबरच्या खोलीत त्या बसतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि कोटाच्या खिशात कायम कागदाची एक पुडी. त्यांची एक सवय अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. बारा ते चोवीस वर्षांच्या मधलं कुणीही दवाखान्यात आलं, मग ते तापाने आलेलं असो, सायकलवरून पडून आलेलं असो, की पहिलं बाळंतपण घेऊन आलेली पोर असो, सिस्टर त्याला आपल्या खोलीत घेणार आणि म्हणणार, "टाक तीन बोटं तोंडात." आधी स्वतः करून दाखवायच्या. हाताची मधली तीन बोटं जुळवायची, उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधे घालायची. धडधाकट तोंडात तिन्ही जातात. ज्याची जात नाहीत, तो त्यांच्या खुर्चीवरून लवकर उठत नसे.

एकदा कुत्रं चावलेला एक पोरगा चिडला म्हणे. "सिस्टर, कुत्रं पायाले चावलं, तोंडाले नाही."

"कुत्र्यानं आपलं काम केलं ना बापा? आता मले माह्यं करू दे."

दवाखान्यासमोरच पानठेला. तिथली पोरं सिस्टर एसटीतून उतरल्या की लांबूनच तीन बोटं वर करून दाखवायची आणि हसायची. सिस्टर चालता चालता म्हणायच्या, "अरे, मले काय दाखवतो? तुह्या तोंडाले दाखव." त्यातल्या एकाने खरंच दाखवली. दोन गेली, तिसरं अडलं. त्यानंतर तो हसला नाही, आणि दुसऱ्या दिवशी नऊ नंबरच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसला. हे मी ऐकलेलं. आता मी पाहिलेलं सांगते.

आमचं गाव लाखांदूरपासून आत, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. मी नववीत शाळा सोडली. कुणी काढली नाही, मीच सुटले. गणित येत नव्हतं, सर उभं करायचे, आणि घरी आई रोवण्याला एकटीच जायची. रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. बायांची टोळी करायची, पऱ्हे म्हणजे कोवळी रोपं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, आणि गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवं राहून एकेक रोप खोचायचं. चौदा वर्षांची मी पहिल्याच दिवशी दुपारी बांधीत बसून रडायला लागले. कंबर उभी होत नव्हती, भूक तर अशी की डोळ्यांपुढे काळं यायचं. डबा यायला अजून वेळ होता. आईने पदराच्या गाठीतून पन्नी काढली, चिमूटभर खर्रा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "गालात धर. भूक मरते."

ज्यांना खर्रा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात. इतका घोटतात की पन्नी हाताला गरम लागते. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर तो विचारतात. नको म्हटलं तर समोरचा विचारतो, "काहून, राग हाय काय?" लग्नात, मयतीत, एसटीत, बांधीच्या धुऱ्यावर, सगळीकडे पन्नी फिरते. बायाही खातात, फक्त पदराआड.

आईने त्या दिवशी दिला तो मायेनेच दिला, हे मी शपथेवर सांगेन. तिला वाटलं एक दिवसाचं आहे. पुढे मी माझ्या ओढणीच्या गाठीत माझी पन्नी बाळगू लागले, हे तिला कळलं नाही. आधी एक, मग दोन. अठरा-एकोणीस वर्षांची होईपर्यंत सकाळी डोळा उघडला की हात आधी ओढणीकडे जायचा. तोवर तिखट खाता येईनासं झालं होतं. आईच्या हातची मिरचीची भाजी समोर आली की तोंडात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आई म्हणायची, "उष्णता झाली तुले," आणि ताकात साखर घालून द्यायची. मी ते ताक पिऊन मागच्या अंगणात जायचे आणि तिथे पन्नी सोडायचे.

त्या वर्षी एक संस्था आमच्या भागातल्या मुलींना शिवणकाम शिकवून तिरुपूरला कपड्यांच्या कारखान्यात कामाला नेणार होती. मी सहा महिने शिवण शिकले. हात बरा होता माझा. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, टाका सरळ येतो. पोळा झाला की मुली निघणार होत्या. शाळेत मला जे जमलं नाही ते इथे जमत होतं, आणि गावाबाहेर पडायची वाट म्हटली तर हीच एक. फक्त डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. मी आणि आई रोवण्याच्या आधी ते आणायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी वजन केलं, छाती तपासली आणि म्हणाले, "आधी सिस्टरकडे जा. नऊ नंबर."

त्या खोलीचं दार पावसाने फुगलं होतं, लागतच नव्हतं. म्हणून दाराला पडदा लावलेला. दवाखान्यातलीच हिरवी चादर कापून केलेला, जमिनीपासून हातभर वर राहणारा, मधे फाटलेला आणि फाटलं तिथे पिन लावलेली. आई माझ्याबरोबर आत शिरली. सिस्टर खुर्चीवरून उठल्या.

"ताई, तुम्ही बाहेर बसा जरा. पोरीले विचाराचं हाय."

"माह्यासमोरच विचारा ना सिस्टर. लपवाचं का हाय?"

"तुमची सासू समोर बसवून मी तुम्हाले सासूबद्दल विचारलं, तर खरं सांगान?"

आई खुदकन हसली आणि गेली. मला मात्र हसू आलं नाही. पडद्याखालून तिच्या चपला दिसत होत्या. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला.

सिस्टरनी छापील कागद पुढे ओढला. नाव, वय, शिक्षण. शिक्षणाशी मी अडले. त्या म्हणाल्या, "नववी म्हणजे नऊ वर्षं शिकली, काही कमी नाही." मग विचारलं, "काही व्यसन आहे का?"

"नाही," मी म्हटलं. आणि मी खोटं बोलले नव्हते. दारू पिणं म्हणजे व्यसन, गांजा म्हणजे व्यसन. खर्रा कुणी व्यसनात धरतं का? तो तर चहासारखा. मला खरंच तसं वाटत होतं.

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "हा कागदाचा प्रश्न झाला. आता आपला. दिवसाच्या किती पन्न्या?"

मी खाली बघितलं. चपला तिथेच होत्या. सिस्टरनीही बघितलं आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "ताई, तिकडे पाण्याच्या टाकीपाशी बसा, तिथं पंखा हाय!" चपला हलल्या. सिस्टरनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि गप्प बसल्या. दुसरं कुणी असतं तर या वेळात दहा गोष्टी बोललं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, एसटीची वाट बघावी तशा.

"दोन," मी म्हटलं.

"आणि रोवण्यात?"

"चार. कधी पाच."

"पयली कधी? उठल्यावर, का जेवून?"

"उठल्यावर."

"बरं." एवढंच. त्यांनी लिहून घेतलं, जसं कुणी ताप किती ते लिहितं. मी ओरडा खायला मान आत ओढून बसले होते, तो आलाच नाही. मग म्हणाल्या, "टाक तीन बोटं तोंडात."

दोन गेली. तिसरं दातांवरच आपटलं. मी जोर केला, गाल आतून ताणला गेला, डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरनी माझा हात हळूच खाली घेतला, टॉर्च लावली आणि छोटा आरसा माझ्या हातात दिला. "स्वतः बघ. मी सांगून तू भेशील, स्वतः बघून समजशील." गालाच्या आतली कातडी पांढुरकी पडली होती. भाताची पेज निवल्यावर तिच्यावर साय धरते ना, तशी.

"कॅन्सर हाय काय, सिस्टर?"

"ते मी सांगू नाही शकत. मले दिसते ते हे, का तुह्या तोंडाची कातडी आतून आवळून राहिली. भंडाऱ्याले दातांचे डॉक्टर बघतील. त्यांचा कागद आणला का मग साहेब सही करतील."

"पोळ्याच्या आधी भेटन का सर्टिफिकेट?"

"आधी तोंड, मग तिरुपूर."

मी त्यांचा हात धरला. "आईले नका सांगू. सिस्टर, तुमच्या पाया पडते." त्यांनी विचारलं, मार बसेल का? मी म्हटलं, नाही, मार नाही. मग का, हे मला सांगता येईना. पहिली चिमूट तिने दिली होती. तिला कळलं तर ती मला नाही, स्वतःला मारेल, हे कसं सांगायचं? मी रडता रडता तेवढंच सांगितलं.

सिस्टरनी त्यांचं एक वाक्य सांगितलं, जे त्या प्रत्येक पोराला सांगतात. "या खोलीतलं या खोलीत. तुह्या जीवावर आलं तरच बाहेर बोलीन, आणि तेव्हाबी आधी तुले सांगीन, मग बोलीन." बाहेर जाऊन आईला म्हणाल्या, "दातांची तपासणी करा लागते, भंडाऱ्याले." यात खोटं काहीच नव्हतं.

भंडाऱ्याला आई येऊ शकली नाही, पऱ्हे टाकायचे दिवस होते. मी एकटी कधी गेले नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "माहं घर भंडाऱ्याच्या अलीकडेच, कारध्याले हाय. सुट्टीत घरीच चालली, चाल." साकोलीवरून जाणाऱ्या एसटीत त्या खिडकीशी आणि मी त्यांच्याशेजारी. माझा हात सारखा ओढणीच्या गाठीकडे जात होता. पन्नी मी घरी टाकून आले होते, पण हाताला ते माहीत नव्हतं. सिस्टरनी खिशातली पुडी काढली. भाजलेले जवस आणि ओवा, वर थोडं मीठ. "हात शोधून राहिला ना? त्याले काहीतरी दे. रिकाम्या हाताले समजावता येत नाही."

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मी ती विचारली नव्हती. मी एवढंच विचारलं होतं, तुम्ही सगळ्यांनाच काहून विचारता? ज्याचं तोंड दुखतं त्यालाच विचारावं ना?

फार आधी त्या एका लहान उपकेंद्रात होत्या. एक पोरगा आला, दात दुखतो म्हणून. एकोणीसचा असेल. त्यांनी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला, काही व्यसन आहे का? तो म्हणाला नाही. त्यांनी नाहीच्या चौकोनात खूण केली, दुखण्याची गोळी दिली, पाठवून दिलं. पुढच्या वर्षी त्याची आई भेटली. पोराच्या गालाला भोक पडलं होतं, नागपूरला नेलं होतं, आणि काही उपयोग झाला नव्हता. ती बाई सिस्टरना रागाने बोलली नाही. फक्त म्हणाली, "सिस्टर, त्याले व्यसन काहीच नव्हतं वो. फक्त खर्रा खाये."

एसटी साकोलीच्या स्टँडवर थांबून पुन्हा निघाली. सिस्टर म्हणाल्या, "पोरगं खोटं नाही बोललं. मीच प्रश्न खोटा विचारला." तेव्हापासून त्यांनी कागदावरचा प्रश्न वाचून झाला की आपला प्रश्न विचारायचा ठरवलं. आणि सगळ्यांना विचारायचं. "तोंड बघून विचारलं का पोरगं म्हणते, मले चोर समजली. सगळ्यायलेच विचारलं का कोणी चोर नाही."

कारध्याच्या पुलावर वैनगंगा दिसली तसं त्यांनी मागे बोट दाखवलं, "तो निळा दरवाजा माहा. येताना चहा पिऊन जाशील." पण आधी भंडारा.

दातांच्या डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मी सिस्टरचा पदर धरून ठेवला होता, लहान पोरीसारखा. गाठ नाही, जखम नाही, ते म्हणाले. पण कातडी आवळत चालली आहे. आवळली ती पूर्ण मोकळी होईलच असं नाही. आत्ता सोडलं तर इथेच थांबेल आणि व्यायामाने थोडं उघडेल. नाही सोडलं तर एक दिवस घास जाणार नाही, आणि पुढचं सांगता येत नाही. रोवणा झाला की परत या, मग कागद देतो.

व्यायाम म्हणजे लाकडाच्या चपट्या पट्ट्या. जीभ दाबायला डॉक्टर वापरतात त्या. पट्ट्या एकीवर एक ठेवून दातांमधे धरायच्या, आणि सवय झाली की मधे अजून एक सरकवायची. सिस्टरनी गठ्ठाच दिला. त्यांच्या घरी चहा पिताना, त्यांच्या आरशासमोर, पहिल्यांदा त्यांनीच बसवल्या. "रोवण्यात रोप कसं टाकते? एकेक. दहा रोपं एकदम खोचली तर जगतात का? हेबी तसंच हाय."

ते दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, कुणावरही खेकसायचे. आईला वाटलं, दूर जायची भीती धरली. टोळीची मुकादमीण शेवंताकाकू पन्नी पुढे करायची आणि मी जवस काढायचे. ती बाकीच्यांना म्हणायची, "बघा वो, पोरगी आतापासूनच शहरवाली झाली. चिमणीसारखी दाणे टिपते." बाया हसायच्या. मीही हसायचे. चिखलात उभं राहून पन्नीचा वास आला की मात्र दातओठ आवळून रोप खोचायचे. रोवण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी खर्र्याला एकदाही तोंड लावलं नाही.

आणि शेवटच्या दिवशी लावलं. रोवणा संपतो त्या दिवशी आमच्याकडे बाया एकमेकींना चिखल फासतात, गाणी म्हणतात, मालकाच्या घरी जेवण असतं. सगळ्या खुशीत होत्या. शेवंताकाकूने गळ्यात हात टाकला, "चालली तू आता. पुढच्या वर्षी कोण कोठी? आजच्या दिवस तरी माह्या हातचा घे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नाही कसं म्हणू? मी घेतला. आणि एकदा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर स्वतः गेले.

चार दिवसांनी सिस्टरकडे जायचं होतं. त्यांनी विचारलं, "किती?"

"एकबी नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काय लिहायचं ते लिहिलं. म्हणाल्या, "बरं. परवा भंडाऱ्याले जाऊ." मी उठले, पडदा सारला, बाहेर पडले. एसटी स्टँडपर्यंत गेले. गावाची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि मला तो पोरगा आठवला, ज्याच्या कागदावर नाहीची खूण होती. त्याने अजाणता नाही म्हटलं होतं. मी जाणून म्हणत होते. कागद साफ, सर्टिफिकेट हातात, मी तिरुपूरला, आणि तोंड आतून आवळत चाललेलं, कुणालाच ठाऊक नाही. माझा पाय पायरीवरून खाली आला. गाडी गेली.

मी धावत परत गेले तेव्हा सिस्टर डबा उघडून बसल्या होत्या. मी दारातच म्हटलं, "चार दिवसांपासून खाऊन राहिली. तीन-तीन. सर्टिफिकेट नका देऊ."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. "खर्रा खाल्ला म्हणून नोकरी जात नाही, पोरी. खाल्लेला लपवला म्हणून तोंड जाते." मग डोळे पुसत हसल्या. मी रडत होते ते ठीक, पण त्या का रडत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही. "परत आली ना तू? झालं मग. मी रोज वाट पाहते कोणीतरी परत येईन म्हणून."

आता मला तेवढं कळतं.

नाहीवर काट मारून त्यांनी तीन लिहिलं, तारीख टाकली, आणि म्हणाल्या, पुन्हा पहिल्या दिवसापासून धरू. सोडणारे घसरतात, घसरले म्हणून सोडणं वाया जात नाही. मग विचारलं, "घरी कोणी सोबत असलं तर सोपं जाते. आईले सांगाचं का? तू म्हणशील तरच."

मी पडद्याकडे बघितलं. मग हो म्हटलं, पण इथेच, या खोलीत, तुमच्यासमोर.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. यावेळी तिच्या चपला पडद्याच्या आत होत्या. मीच सांगितलं सगळं. किती वर्षं, किती पन्न्या. पहिल्या चिमटीचं मी बोलले नाही. आईला ते बोलून दाखवावं लागलंच नाही. ती आपल्या पदराच्या गाठीकडे बघत राहिली. मग गाठ सोडली, पन्नी काढली, आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवली. "माह्याच हातानं," एवढंच म्हणाली.

सिस्टर तिला समजावत बसल्या नाहीत, की तुमचा दोष नाही वगैरे. त्यांनी टॉर्च उचलली. "ताई, वयाचा नियम आज बाजूले ठेवते. तुम्हीबी टाका तीन बोटं."

आईची दोनच गेली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आईची बोटं अजून तोंडाजवळ. मग आई हसायला लागली, रडता रडता. "पोरगी मायवर गेली वो सिस्टर." त्या दिवशी सिस्टरनी पट्ट्यांचे दोन गठ्ठे दिले. घरी चुलीपाशी आम्ही मायलेकी दातांत लाकडं धरून बसायचो, बोलता यायचं नाही, नुसत्या खुणा करायचो.

पोळा झाला आणि मी निघाले. डॉक्टरसाहेबांची सही होती, दातांच्या डॉक्टरांचा कागद होता, त्यात सगळं खरं लिहिलेलं होतं. दर काही महिन्यांनी तिरुपूरच्या दवाखान्यात तोंड दाखवायचं, असंही. स्टँडवर सिस्टर आल्या. त्यांनी जवसाची मोठी पुडी दिली आणि म्हणाल्या, "तिकडे कोणी ओळखीचं नसन. भीती वाटन. भीती वाटली का फोन करजो, पन्नी नको शोधजो."

भीती वाटली. अजूनही वाटते. इथली भाषा कळत नाही, सुपरवायझर जोरात बोलला की वाटतं मलाच बोलला, शाळेत सर उभं करायचे तसं. तीन वर्षं झाली. दोनदा घसरले, दोन्ही वेळा फोन केला, दोन्ही वेळा सिस्टर म्हणाल्या, "परत आली ना?" आमच्याकडच्या नवीन मुली येतात तेव्हा त्यांच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत पन्न्या असतात. मी त्यांना व्यसन आहे का असं विचारत नाही. जवसाची पुडी पुढे करते, शेजारी बसते, आणि विचारते, "दिवसाच्या किती?" मग गप्प बसते. ते गप्प बसणं मला सिस्टरइतकं अजून जमत नाही. मी घाई करते.

दर फोनला सिस्टर हॅलोऐवजी म्हणतात, "बोटं?" मी म्हणते, "अडीच." तिसरं बोट आता नखापर्यंत जातं, त्यापुढे नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आईचं अजून दोनच आहे, पण पदराला गाठ नाही, असं सिस्टर सांगतात. आई महिन्यातून एकदा स्वतःहून नऊ नंबरमध्ये जाते, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या बायांना म्हणते, "जाऊ द्या पोरीले एकटीले. आपण तिकडे पंख्याखाली बसू."

परवा मी सिस्टरना विचारलं, खोलीचं दार बसवलं का? म्हणाल्या, नाही, दार तसंच, पडदाही तोच, आता दोन पिना झाल्या. मी माप विचारलं. त्या म्हणाल्या, कायले? मी म्हटलं, सांगा तर. फोन टेबलावर ठेवून त्या उठल्याचं ऐकू आलं. टेप शोधत असाव्यात. मग कुणा पोराला म्हणाल्या, "अरे, ते टोक धर." परत येऊन माप सांगितलं. मी ते यंत्राच्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय.

सिस्टर, मी आले की तो पडदा घेऊन येणार आहे. जाड कापडाचा, दुहेरी अस्तराचा, खाली जमिनीला टेकणारा. टाका माझा सरळ येतो, तुम्हाला माहीत आहे. तो लागला की आत बसलेल्या पोरीला बाहेरच्या चपला दिसणार नाहीत.